बागेच्या कामाची एटीव्ही: चढावर तापते, बेल्ट जळतो, बॅटरी उतरते

कातळवाट | १८ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

आमची हापूसची बाग देवगड तालुक्यात आहे. अर्धी कलमं वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अर्धी खाली खाडीच्या अंगाला उतारावर, आणि दोन्हींना जोडणारी वाट म्हणजे जांभ्यात कापलेली घाटी. पिकअप तिथे वळत नाही आणि डोक्यावरून क्रेट वर आणायला आता माणसं मिळत नाहीत. म्हणून भावाने आणि मी मिळून एक वापरलेली एटीव्ही, म्हणजे चार जाड टायरची, बाइकसारखं हँडल असलेली कच्च्या वाटेची गाडी घेतली. साधारण पाचशे सीसीचं इंजिन, फ्युएल इंजेक्शन, रेडिएटरवाली, फोर बाय फोर, आणि चालवताना गिअर बदलावे न लागणारी, म्हणजे आत बेल्ट असलेली. मागे छोटी ट्रॉली जोडतो.

गाडी उपयोगाची आहे हे आधीच सांगतो. फवारणीची टाकी, शेणखताच्या गोणी, गडग्याचे चिरे, सगळं ती नेते. पण काढणीच्या ऐन धावपळीत बंद पडते, आणि ती बंद पडली की उतरवलेला आंबा खाली उन्हात बसून राहतो. अशा फळात पुढे साका (आतला पांढरट, स्पंजासारखा खराब गर) कसा निघतो ते आंबेवाल्यांना सांगायला नको.

तर तक्रारी अशा. भरली ट्रॉली घेऊन घाटी चढताना टेंपरेचरचा दिवा लागतो. पंखा फिरतो, कूलंट पुरेसं आहे, तरीही. बेल्ट नवा टाकला की थोडे आठवडे बरा चालतो, मग जळक्या रबराचा वास येतो, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. बॅटरी नवी आहे, पण गाडी चार दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता टिकटिक करतो. आणि पुढच्या गिअरकेसचं ऑइल काढलं तर दूध घातलेल्या चहासारखं निघालं. दोन्ही बाजूंचे ऑइल सील बदलून घेतले, तरी परत तेच.

ज्यांच्याकडून घेतली ते म्हणतात माणूस मुंबईहून येईल, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. मला गाडी चालू हवी आहे, भांडण नको. हा सगळा एकाच मुळाचा त्रास आहे की चार वेगळे? कोकणात कोणी अशी गाडी कामाला वापरत असेल तर देखभाल कशी करता, तेही लिहा.

नाना_वेंगुर्ले | १८ जानेवारी, रात्री १०:०२

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. विकून टाका. पंधरा-वीस हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर घ्या. त्याचा पार्ट कणकवलीत मिळतो, त्याला हात लावणारा मेस्त्री प्रत्येक तिठ्यावर आहे, बँक कर्ज देते, आणि अनुदानाच्या योजनेत बसला तर तेही मिळतं. एटीव्ही ही मुळात फिरायची गाडी. तिच्यावर चिरे लादायचे आणि वर ती टिकत नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

कातळवाट | १८ जानेवारी, रात्री १०:३५

नाना, राग कसला. मिनी ट्रॅक्टर आणून बघितला होता, ओळखीच्यांचा. घाटीत दोन ठिकाणी असं वळण आहे की ट्रॉलीसकट तो अडकतो. शिवाय आमची कलमं जुनी, फांद्या जमिनीला टेकलेल्या. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचं डोकं फांदीत जातं. एटीव्ही त्याखालून निघते. हिला सोडायचं तर परत डोक्यावर क्रेट.

पाना_बारा | १९ जानेवारी, सकाळी ७:१५

दादा, मी कुडाळला एमआयडीसीत गॅरेज चालवतो. बाइकचं काम जास्त, पण या गाड्याही येतात. चार त्रास आहेत आणि माझ्या मते चारही वेगळे आहेत. एकेक धरा, सगळं एकदम उघडू नका.

बॅटरीपासून सुरू करा, कारण ते घरी तपासता येतं. साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग गाडी चालू करून रेस तीन हजार आरपीएमच्या आसपास धरा. तेव्हा १३.८ ते १४.५ च्या मध्ये यायला हवं. तेरासुद्धा होत नसेल तर चार्जिंग होतच नाही, बॅटरी कितीही नवी टाका. पंधराच्या वर जात असेल तर आरआर युनिट (बॅटरीला जाणारी वीज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलं, आणि ते बॅटरी उकळवून मारतंय.

चार्जिंग होत नसेल तर मॅग्नेटकडून (इंजिनवरची वीज बनवणारी कॉइल असते तिथून) आरआर युनिटकडे जाणारा तीन पिवळ्या वायरींचा कनेक्टर शोधा. शंभरातले बरेच केस तिथेच संपतात. प्लास्टिक तपकिरी झालेलं असतं, एक पिन जळून ढिली झालेली असते. आपल्याकडची खारी हवा पिनेवर हिरवं चढवते, मग तिथे रोध वाढतो, पिन तापते, तापली की आणखी ढिली होते. नवा कनेक्टर टाका, पिना नीट क्रिंप करा, वर डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. नुसतं घासून परत लावलं तर पुढच्या महिन्यात तोच प्रकार.

कनेक्टर चांगला असेल तर तो काढून इंजिन चालू ठेवा, मीटर एसीवर टाका, आणि तिन्ही पिवळ्या वायरी दोन-दोन करून मोजा. तिन्ही जोड्यांत सारखं वाचन आलं पाहिजे. एक जोडी कमी दाखवत असेल तर कॉइल गेली. तिन्ही सारखे असतील तर दोष पुढे, आरआर युनिटमध्ये.

आणि एक विचारतो, फवारणीचा पंप कशावर चालवता?

कातळवाट | १९ जानेवारी, दुपारी १:२०

बारा व्होल्टचा पंप आहे, थेट बॅटरीला जोडलेला. समोर एलईडी बारही आहे, पहाटे फवारणीला लागतो.

पाना_बारा | १९ जानेवारी, दुपारी १:४८

मग तेही कारण आहे. या गाडीची कॉइल रेस असताना वीज देते. तुम्ही कलमांमधून चालत्या माणसाच्या वेगाने फवारणी करणार, म्हणजे रेस कमी. वर पंप चालू, लाइट चालू, गाडी तापलेली म्हणून रेडिएटरचा पंखाही चालू. कॉइल देते त्यापेक्षा जास्त खर्च होतो आणि फरक बॅटरी भरते. पंपाला रिले आणि फ्यूज टाकून चावीवर घ्या, आणि पंपासाठी ट्रॉलीत वेगळी बॅटरी ठेवता आली तर सगळ्यात उत्तम.

अनघा_प | १९ जानेवारी, रात्री ८:३०

बेल्टबद्दल लिहिते. पुण्यात इंजिनिअरिंग करत असताना बाहाच्या टीममध्ये होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाहा एसएईइंडिया म्हणजे कॉलेजची मुलं स्वतः एक माणूस बसेल अशी ऑफरोड गाडी बनवतात आणि इंदूरजवळ पीथमपूरला स्पर्धेत उतरवतात. २००७ पासून चालू आहे. त्यात चार तासांची एंड्युरन्स असते, आणि तिथे वेगवान गाड्या बेल्ट, हब आणि टाय रॉडवर बाहेर पडताना डोळ्यांनी पाहिल्यात. त्यामुळे बेल्ट जळणे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

कातळवाट, एकच प्रश्न. घाटी चढताना गिअरचा दांडा एच (हाय) वर असतो की एल (लो) वर?

कातळवाट | १९ जानेवारी, रात्री ९:०५

एच वर. एल पडतच नाही. घेतली तेव्हापासून अडकतो. दांडा ढकलला की कर्रकन वाजतं आणि परत न्यूट्रलला येतो. विकणारे म्हणाले होते की एल फक्त चिखलात रुतली तर लागतो.

अनघा_प | १९ जानेवारी, रात्री ९:५०

मग बेल्ट का जळतो ते कळलं. जरा सविस्तर सांगते, कारण हे समजलं की पुढचे बेल्ट वाचतील.

या गाडीत दोन पुली आहेत. पुढची इंजिनच्या क्रँकवर, मागची गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, आणि त्यांच्यामध्ये व्ही आकाराचा बेल्ट. पुढच्या पुलीच्या दोन तबकड्या असतात. रेस वाढली की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि तबकड्यांना जवळ ढकलतात, मग बेल्ट त्यांच्यात घट्ट पकडला जातो आणि वर सरकत जातो. म्हणजे पकड रेसवर अवलंबून आहे. रेस कमी, पकड ढिली.

आता एच आणि एल हे बेल्टच्या पुढचे दातेरी गिअर आहेत. एल मध्ये त्याच चालीला इंजिन बरंच जास्त फिरतं, त्यामुळे तबकड्या बेल्टला पूर्ण पकडतात. एच मध्ये तुम्ही भरल्या ट्रॉलीसकट चढावर पायी चालण्याच्या वेगाने जाता तेव्हा पकड अर्धवट असते आणि बेल्ट तबकडीवर घासत राहतो. घासला की तापतो, तापला की त्याची कड काचेसारखी चकचकीत होते, चकचकीत झाला की आणखी घसरतो. चढावर मधेच थांबून पुन्हा निघालात तर पुढच्या पुलीपाशी बेल्ट एकाच जागी घासून तिथे खोलगट होतो. असा बेल्ट नंतर सपाटीवरही धक्के देतो. ही खूण बघा: गाडी निघताना हिसका बसतो का?

साधा नियम: ओझं असेल, चढ असेल, किंवा धावत्या माणसापेक्षा कमी वेग असेल तर एल. जवळजवळ प्रत्येक उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. एल ची दुरुस्ती आधी करा. तोवर नवा बेल्ट घालू नका, वाया जाईल.

पाना_बारा | २० जानेवारी, सकाळी ७:०५

अनघाताई, शंभर टक्के. दादा, एल न पडण्याचं कारण बहुतेक गिअरबॉक्समध्ये नाही. दांड्यापासून बॉक्सपर्यंत एक रॉड जातो, त्याच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतात. ते गंजून झिजले की दांडा पूर्ण हलतो पण बॉक्सवरचा आर्म पूर्ण फिरत नाही. उजवीकडचं पॅनल काढा, कोणाला तरी दांडा हलवायला सांगा आणि आर्मवर नजर ठेवा. मधे खेळ दिसला तर तोच रोग. रॉडची लांबी नटने कमी-जास्त होते. आणि आयडल जास्त असेल तर तीही बघा. आयडलला बेल्ट थोडा फिरत असेल तर आतले दाते फिरत राहतात आणि कर्र वाजतं.

वायकाटोकर | २० जानेवारी, सकाळी ११:३०

न्यूझीलंडहून लिहितोय. इथे वायकाटोत डेअरी फार्मवर नोकरी करतो. मूळचा सांगोल्याचा. इकडे क्वाड बाइकशिवाय, म्हणजे एटीव्हीशिवाय, फार्मचं पान हलत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गाई वितात तेव्हा पावसात, चिखलात, शेणमुतात ती दिवसरात्र चालते. त्यामुळे तुमच्या पुढच्या गिअरकेसमध्ये पाणी कुठून येतं यावर माझा एक अंदाज आहे.

गिअरकेसच्या वरच्या बाजूने एक बारीक रबरी नळी निघते आणि हँडलच्या आसपास किंवा पुढच्या रॅकखाली संपते. ती हवेसाठी असते. गाडी चालून केस गरम झाली की आतली हवा फुगते, ती या नळीने बाहेर जाते. मग गाडी ओढ्यात किंवा डबक्यात उतरली की केस एकदम गार पडते, आत हवा आक्रसते आणि नळीतून परत आत ओढली जाते. पण नळी बुजलेली असेल तर? मग ती ओढ सीलवर येते, आणि सीलच्या ओठाशी पाणी असेल तर तेच आत जातं. सील कितीही नवे टाका, नळी बुजलेली आहे तोवर ते पाणी पिणारच. बेल्टच्या कव्हरलाही अशीच हवेची नळी असते, तीही बघा.

धुण्याचंही सांगतो. प्रेशर वॉशर बेअरिंगवर, सीलवर, रेडिएटरवर मारू नका. इकडे नवीन आलेली मुलं हौसेने मारतात आणि महिन्याभरात चाकाचं बेअरिंग आवाज करतं.

समुद्रकाठ | २० जानेवारी, संध्याकाळी ६:४०

वायकाटोकरांचं शेवटचं वाक्य आमच्याकडे भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायच्या गाड्या आमच्या घरात आहेत, त्यामुळे गंज म्हणजे काय ते रोज बघतो. त्या चिनी बनावटीच्या, एकशेदहा-सव्वाशे सीसीच्या, कार्ब्युरेटरच्या, मागे सलग एक्सल आणि चेन. साध्या आहेत म्हणून परवडतात. इंजिन आपल्या जुन्या शंभर सीसी बाइकच्या जातीचं, त्यामुळे पिस्टन, क्लच प्लेट, कॉइल यासाठी काही ना काही बसवता येतं.

पण नटबोल्ट मऊ असतात. नवी गाडी आली की पहिल्या दिवशी सगळे बोल्ट काढून थ्रेडलॉक लावून परत कसतो, चाकाचे तर टॉर्क पान्याने. ब्रेक कॅलिपरच्या पिना समुद्राच्या पाण्याने धरतात, मग एकच पॅड झिजतो आणि डिस्क तापते. पिना काढून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं की सुटतात. रोज संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने, पाइपने, हळू धार सोडून धुणं हाच खरा मेंटेनन्स. ज्या दिवशी गर्दीत धुवायचं राहतं त्याचा हिशेब पुढच्या पंधरवड्यात चुकता होतो.

आणि वाळूसाठी एअर फिल्टर. फोमचा असेल तर केरोसीनमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइल लावून पिळून बसवायचा. कोरडा फोम बारीक वाळू अडवत नाही. फिल्टरच्या पुढच्या नळीत बोट फिरवा. बोटाला कचकच लागली तर वाळू इंजिनमध्ये जातेय आणि रिंग-बोअर संपतोय. क्लिप ढिली असली तरी हेच होतं, फिल्टर चांगला असून उपयोग नाही.

स्वप्ना_मुळशी | २१ जानेवारी, सकाळी १०:१५

वाचनखूण साठवली. आमचं मुळशीत छोटं कृषी पर्यटन आहे. पाहुण्यांच्या मुलांना फिरवायला आणि चारा आणायला अशी एक गाडी घ्यावी असं मनात आहे. रस्त्यावर नेता येते का? शेत आणि घर यांच्यामध्ये पाऊण किलोमीटर डांबरी आहे.

अनघा_प | २१ जानेवारी, दुपारी १२:४०

स्वप्ना, साधारणपणे नाही. एटीव्हीला आरटीओची नोंदणी मिळत नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही आणि तिथे अपघात झाला तर विम्याचं संरक्षण नसतं. पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित होऊन भारतात आली होती, तिला नंबर मिळतो. बाकी गाड्या ट्रॉलीवर चढवून न्याव्या लागतात. हे घेण्याआधी नीट विचारात घे. आणखी एक: या गाड्या डांबरी रस्त्यासाठी बनलेल्याच नाहीत. टायरमध्ये पाच ते सात पौंड हवा, आणि सलग एक्सलच्या गाडीला कडक रस्त्यावर वळणं अवघड जातं, ती सरळ जायला बघते किंवा कलंडते.

वायकाटोकर | २१ जानेवारी, दुपारी २:२०

मुलांना फिरवण्याबद्दल कळकळीने लिहितो. मोठ्या क्वाडवर लहान मूल चालवायला बसवू नका, आणि एकाच सीटच्या गाडीवर पुढे किंवा मागे मूल घेऊन फिरवू नका. चालवणाऱ्याला उतारावर अंग झुकवून तोल सांभाळावा लागतो, मागे कोणी बसलं की ते जमत नाही. उलटली की तीनशे-साडेतीनशे किलोची गाडी छातीवर येते आणि माणूस गुदमरतो. ऑस्ट्रेलियात शेतावरचे मृत्यू इतके झाले की सरकारने ११ ऑक्टोबर २०२१ पासून नवीन साध्या क्वाडला मागे चालक संरक्षक कमान सक्तीची केली. होंडा आणि यामाहाने त्यानंतर तिथे अशी क्वाड विकणंच थांबवलं. आमच्या मालकाने कायद्याची वाट न बघता कमान बसवली आहे. हेल्मेट घातल्याशिवाय किल्ली मिळत नाही.

कातळवाट, तुमच्या घाटीसाठी हे तुम्हालाही लागू आहे. ट्रॉली भरलेली असताना उतारावर आडवं जाऊ नका.

कातळवाट | २ फेब्रुवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय निघालं ते लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल.

पहिलं एल. पाना_बारा म्हणाले तसंच. खालचा बॉल जॉइंट गंजून इतका सैल झाला होता की हाताने वर-खाली हलत होता. मूळ पार्टला महिनाभर लागणार होता. जुना नमुना घेऊन भाऊ कोल्हापूरला गेला. उद्यमनगरात त्याच मापाचा, त्याच थ्रेडचा रॉड एंड मिळाला. आयडलही जास्त होतं, ते कमी केलं. आता एल गुपचूप पडतो.

बेल्टचं कव्हर उघडलं तर आत काळी भुकटी. बेल्टची कड चकचकीत आणि एका जागी खोलगट, अनघाताईंनी लिहिलं होतं तशीच. तबकड्या ब्रेक क्लीनरने आणि बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवत साफ केल्या, हात न लावता. नवीन बेल्ट बाणाची दिशा बघून बसवला. कव्हरच्या हवेच्या नळीत सुकी पानं होती.

पुढची गिअरकेस. वायकाटोकर, नळी रॅकखाली मिळाली आणि तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. पक्कं, दाभणाने फोडावं लागलं. आतून वाळलेल्या अळ्या निघाल्या. नळी पूर्ण बदलली, वर हँडलपर्यंत नेली आणि तोंडाला छोटा फोमचा फिल्टर लावला. ऑइल भरून, थोडं चालवून, परत काढून, परत भरलं. आता स्वच्छ निघतंय.

तापण्याचं कारण मात्र कोणाच्या लक्षात येणं शक्य नव्हतं. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसत होता. पुढचा रॅक आणि जाळी काढून पंख्याच्या बाजूने टॉर्च मारला तर पलीकडे उजेडच येत नव्हता. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा (ही कीड सोडते तो चिकट रस) सगळ्या झाडाखाली पडतो. आमची गाडी कलमाखाली उभी असते, तिच्यावरही पडतो. तो चिकटा फिन्समध्ये बसला, त्यावर जांभ्याची लाल धूळ बसली, त्यावर फवारणीचं औषध. असा कडक थर झाला की हवा जायला जागाच नाही. कोमट पाण्यात साबण करून रात्री फवारला, सकाळी पंख्याकडून पुढे अशी साधी धार मारली. लाल चिखल बाहेर आला.

बॅटरी: रेस धरून १२.१ येत होते. तीन पिवळ्या वायरींचा कनेक्टर तपकिरी. नवीन टाकला, आता १४.२. पंप रिलेवर घेतला.

पाना_बारा | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

वा. चिकट्याचं मला नवीन आहे. आंबेवाल्यांच्या गाड्या आल्या की आता आधी टॉर्चच मारणार. मधल्या वेळेत गाडी कलमाखाली न ठेवता मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) पडवीत ठेवा.

पुढच्यांसाठी एक लिहून ठेवतो. चाकाचं बेअरिंग किंवा ऑइल सील गेलं की कंपनीच्या पार्टसाठी थांबू नका. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो, ६२०५-२आरएस वगैरे. त्याच नंबरचं चांगल्या कंपनीचं बेअरिंग कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला तर काहीही मिळेल. बेल्ट मात्र मापाने जुळवू नका, तो त्याच मॉडेलचाच घ्या आणि एक जादा घरात ठेवा, सोबत कव्हरचं गॅस्केटही. एक्सलचे रबरी बूट दर आठवड्याला हाताने चाचपा. काटक्यांनी फाटतात. फाटल्या दिवशी बदलला तर बूट आणि ग्रीसवर भागतं. तसंच चालवत राहिलात तर आत माती जाते, वळताना कटकट वाजायला लागतं, आणि मग अख्खा एक्सल.

सर्व्हिसिंग किलोमीटरवर करू नका. मीटरमध्ये तासांचा आकडा असतो तो बघा. तुमच्या कामाला इंजिन ऑइल पन्नास तासांना बदला, मॅन्युअलमध्ये शंभर लिहिलं असलं तरी. हळू चालून, तापून, धुळीत काम करते ती.

नाना_वेंगुर्ले | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:००

कातळवाट, अभिनंदन. रॅक काढून टॉर्च मारण्याइतकं कोणी बघत नाही. माझं मत एका बाबतीत बदललं नाही: ज्याला स्वतः पाना हातात धरायचा नाही आणि ज्याच्या जवळ पाना_बारांसारखा माणूस नाही, त्याने या गाडीच्या नादी लागू नये. स्वप्नाताई, तुम्हीही हे आधी बघा. तुमच्या चाऱ्याला पॉवर टिलर आणि ट्रॉली पुरेल, आणि मुलांना बैलगाडीतून फिरवा.

स्वप्ना_मुळशी | ३ फेब्रुवारी, सकाळी ११:२५

नाना, घरात तेच ठरतंय. वायकाटोकरांचं वाचून मुलांना फिरवण्याचा विचार पूर्ण सोडला.

कातळवाट | २८ मे, रात्री ८:४५

काढणी संपत आली. गाडी हंगामभर चालली. एकदा पंख्याचा फ्यूज गेला तेवढंच. दिवा परत लागला नाही, बेल्टचा वासही नाही. चालवणाऱ्या नेपाळी मुलांना एल-एच चा नियम दांड्याशेजारी रंगाने लिहून दिला आहे.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर गाडीला फारसं काम नसतं. उभी कशी ठेवू? पेट्रोल काढून टाकू की भरून ठेवू?

पाना_बारा | २९ मे, सकाळी ७:१०

दादा, अर्धी टाकी अजिबात नको. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे, ते हवेतलं पाणी ओढतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळी हवा भरलेली राहते. पाणी वाढलं की इथेनॉलसकट तळाला बसतं, आणि पेट्रोलचा पंप तळातूनच ओढतो. टाकी गळ्यापर्यंत भरा, त्यात फ्युएल स्टॅबिलायझर टाका आणि दहा मिनिटं चालवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल.

ठेवण्याआधी इंजिन ऑइल बदला, जुनं आत ठेवू नका. ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही बदला, ते पाणी पितं. बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्याला चार्ज करा. चाकं जमिनीवरून थोडी उचलून लाकडावर ठेवा. सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर बॉक्सच्या नळीला जाळी बांधा, पावसात उंदीर घर करतात आणि वायरिंग कुरतडतात. जाळीला लाल फडका बांधून ठेवा म्हणजे चालू करताना विसरणार नाही. हवेच्या त्या नळ्यांच्या तोंडाचे फिल्टर गणपतीनंतर बघा, कुंभारीण फोमलाही चिकटवते.

आणि सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा चालू कराल तेव्हा लगेच ट्रॉली जोडू नका. मोकळी गाडी सड्यावर फिरवा, ब्रेक दोन-चार वेळा दाबा, मग पुढच्या गिअरकेसचा बोल्ट सैल करून ऑइलचा रंग बघा. पांढरट असेल तर मला फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.